चेंडू परत करणारी माणसं

लाकडाच्या गोल दांड्यावर चेंडू आदळला की जो आवाज होतो, तो क्रिकेटच्या बॅटसारखा भरीव नसतो. तो कोरडा असतो, वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा, आणि मैदान रिकामं असलं की खुर्च्यांच्या ओळींमधून फिरून पुन्हा आपल्यापाशी येतो. त्या हिवाळ्यात मी तो इतका ऐकला, की स्वयंपाकघरात सुरीखाली गाजर तुटलं तरी दचकून मान वर करायची.

मैदान रिकामं असणं ही आमच्या घरची काळजी होती. माझा नवरा दुबईतल्या एका कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीत काम करत होता. प्रदर्शनं, गाण्याचे जलसे, क्रिकेटचे सामने; जिथे माणसं जमवायची तिथे ही कंपनी. इथे व्यावसायिक बेसबॉलची एक छोटी हिवाळी स्पर्धा सुरू झाली आणि भारतीय प्रेक्षक आणण्याचं काम त्याच्या गळ्यात पडलं. अट सरळ होती. मोसम संपेपर्यंत आपल्या लोकांच्या खुर्च्या भरलेल्या दिसल्या तर त्याचा करार पुढे चालू, नाहीतर तो विभागच बंद. नोकरी गेली की पाठोपाठ व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की थोड्याच अवधीत घर गुंडाळून निघायचं, हे या देशात कुणी कुणाला समजावून सांगत नाही. मुलगी दहावीत होती. तिचा जन्म इथला. पुणं ही तिच्या लेखी सुट्टीत जाऊन कंटाळायची जागा.

त्या महिन्यांत माझ्याकडून एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचून झालं नाही. चहा उकळत ठेवून मी बाल्कनीत जायची, बाल्कनीतून कपाटापाशी, कपाट उघडून कशासाठी उघडलं ते विसरायची. अल मनखूलची आमची इमारत जुनी. समोरच्या घरातली फोडणी आणि खालच्या कॅफेटेरियातल्या चहाची वेलची यांचा एकमेकींत मिसळलेला वास जिन्यातून वर येई. तो वास मी आता नीट साठवून ठेवू लागले होते, आणि आपण साठवतो आहोत हे लक्षात आलं की दार लावून घ्यायची.

स्पर्धेचे मुख्य अधिकारी एक अमेरिकन गृहस्थ होते, साठी उलटलेले, उन्हाने मानेची कातडी लाल झालेले. नवऱ्याने एका शनिवारी त्यांना जेवायला बोलावलं. कोथिंबीर वडी ते आधी काट्याने खात होते. मग मुलीकडे बघून त्यांनी काटा बाजूला ठेवला आणि हाताने घेतली. तिला तेवढ्याने धीर आला.

"इज इट ट्रू," तिने विचारलं, "दॅट नोबडी वॉचेस बेसबॉल एनीमोर? ईव्हन इन अमेरिका?"

"अगं!" नवरा ओरडला.

ते हसले. रागावले नाहीत. तिने बरोबर तेच विचारलं, असं म्हणाले. मग पाण्याचा पेला हातात फिरवत, इंग्रजीत, सावकाश, त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते आहे.

त्यांच्या लहानपणी उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावातल्या रस्त्याने चालत गेलं तर सामन्यातला एकही चेंडू चुकत नसे. प्रत्येक ओसरीवर रेडिओ चालू असे, आणि एका ओसरीवर सुटलेलं वाक्य पुढच्या ओसरीवर पुरं होई. "आता माझा मुलगा फक्त धावसंख्या बघतो. खेळ बघत नाही. नातू फोनवर नुसते उंच मारलेले फटके बघतो, एकामागून एक. त्यांच्या मधलं काही नाही. आणि हा खेळ तर सगळा मधलाच आहे." सामने फार लांबतात म्हणून आता चेंडू फेकणाऱ्याला घड्याळ लावलं होतं. काहींच्या मते त्यामुळे माणसं मैदानाकडे वळली होती. काहींच्या मते वळली ती केस पांढरे झालेलीच. "खरं काय?" मी विचारलं. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "ठाऊक असतं तर या वयात मी वाळवंटात आलो असतो का?"

मला हे बोलणं परकं वाटलं नाही. शारजाच्या एका हॉलमध्ये अधूनमधून आमचं कवितावाचन होतं. मागच्या ओळींमधून एसीची घरघर स्पष्ट ऐकू येते, आणि आभार मानणारा दर वेळी म्हणतो, मोजके पण दर्दी श्रोते लाभले. त्या रात्री भांडी आवरताना नवरा म्हणाला, "काही झालं तरी तुमच्या कवितेपेक्षा आमच्याकडे जास्त माणसं येतील हं."

"कंपनीच्या बसने आणलेली."

"तुम्ही बसने आणलीत तरी येणार नाहीत," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो.

माणसं जमवायला तो आधी आमच्याच इमारतीपासून लागला. लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरचे अकाउंटंट काका भेटले.

"किती ओव्हर्सची असते?"

"काका, ओव्हर्स नसतात."

"ओव्हर्स नसतात? मग माणसाने घड्याळाकडे बघायचं कधी? बरं, जेवण आहे?"

"सँडविच आहे."

"व्हेज?"

"व्हेज."

"मग बघतो. इन्शाल्ला." इथे इन्शाल्ला कुठल्या सुरात म्हटलं म्हणजे माणूस येणार नाही, ते सगळ्यांना कळतं. तरी काका आले, कारण काकूंना बसमध्ये खिडकीची जागा मिळणार होती.

मग आम्ही उम्म अल कुवैनला गेलो. तिथे फायबरच्या बोटी बनवणाऱ्या एका कारखान्यात आपल्याकडची बरीच माणसं होती, गुहागर, राजापूर, देवगडकडची. दारातच रसायनाचा गोड, डोक्यात जाणारा वास आला. पांढऱ्या धुळीने सगळ्यांच्या भुवया पिकल्यासारख्या दिसत होत्या. अर्धवट झालेल्या बोटींच्या सावलीत ते डबे उघडून बसले होते. माझ्यासाठी कुणीतरी रसायनाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर पेपर पसरला.

"बसा वैनी. साहेब, फुकट हाय?"

"फुकट."

"बस पन?"

"बस पण. रविवारी. तुम्हाला सुट्टी असेल तेव्हा."

"मंग आमाला करायचा काय थंय?"

"बघायचं."

"नुसता बघायचा?" सगळीकडे खसखस पिकली. एक जण घास तोंडात ठेवून म्हणाला, "गेल्या साली एकानं असाच फुकट नेलान. थंय गेलो तर रक्तदान."

"रक्त नाही घेणार," नवरा म्हणाला.

"लिवून द्याल?"

कडेला एक उंच, सडपातळ माणूस होता. गावच्या संघाचा विकेटकीपर, असं बाकीच्यांनी सांगितलं, आणि त्याचे हात मला दाखवले, जणू एखाद्या घरातली चांदीची भांडी दाखवावी. बोटं रुंद होती, सांधे जाड. तो एवढंच म्हणाला, "यल्ला, चला, जाऊन तर बगू."

त्या रविवारी दुपार कलल्यावर मैदानावर पोचलो. वाळूच्या मधोमध ते हिरवं इतकं गडद होतं, की डोळ्यांना जरा दुखलंच. नुकतं पाणी मारलेलं गवत, भाजलेल्या मक्याचा धूर, आणि सगळ्याच्या तळाशी वाळवंटाचा तो पिठासारखा कोरडा वास. आमच्या बाजूला कारखान्याची माणसं बसली, इस्त्रीचे शर्ट घालून, केसांना तेल लावून. त्यांच्या पुढे अल मनखूलची कुटुंबं, चिवड्याचे डबे उघडून. स्पर्धेचे ते अमेरिकन साहेब मुद्दाम येऊन माझ्या शेजारी बसले, आणि मला खेळ शिकवू लागले. चेंडू पुढच्या, पंख्यासारख्या पसरलेल्या भागातच जायला हवा, बाजूला किंवा मागे गेला तर तो वाया. पण आमच्या मंडळींचे डोळे क्रिकेटने घडवलेले. चेंडू बॅटच्या कडेला लागून मागच्या जाळीवर आदळला की सगळी बाजू उठून ओरडायची, "फोर!" फलंदाज बिचारा चमकून बघायचा, की वाया घालवलेल्या फटक्याला एवढं कौतुक कुणाचं.

साहेबांना त्याचं काही वाटलं नाही. "ओरडू दे," ते म्हणाले. "चुकीच्या जागी का होईना." त्यांचा चेहरा मऊ झाला होता. मग त्यांनी मला एक रीत सांगितली. प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याच्या हातात पडेल त्याचा. तो घरी न्यायचा. त्यांच्या वडिलांना जन्मभरात एकच मिळाला, आणि तो घरातल्या देवाच्या ग्रंथाशेजारी ठेवलेला असे. "माणूस त्या चेंडूने या खेळाचा होतो," असं काहीसं ते म्हणाले.

आणि तेवढ्यात तो आला. कोरडा आवाज झाला, पांढरा ठिपका निळ्यात चढला, वाकला, आणि आमच्या डोक्यावरून खाली येऊ लागला. माणसं इकडेतिकडे झाली. उंच कीपर मात्र उठला, एक पाऊल मागे गेला, दोन्ही हात पोटाशी आणून त्याने चेंडू नुसत्या तळव्यांत घेतला. चामडं कातडीवर आपटल्याचा तो ओला आवाज मी ऐकला. साहेब उठून उभे राहिले. ते टाळ्या वाजवत होते. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

कीपरने क्षणभरही वाट पाहिली नाही. त्याने कुंपणाजवळचा सगळ्यात जवळचा खेळाडू हेरला आणि चेंडू सरळ रेषेत, छातीच्या उंचीवर, त्याच्याकडे परत फेकला. मग हात पँटला पुसून तो खाली बसला.

खेळाडूने चेंडू झेलला आणि तो हातातल्या चेंडूकडे बघतच राहिला. मोठ्या पडद्यावर ते सगळं पुन्हा दाखवलं गेलं. साहेबांच्या टाळ्या थांबल्या होत्या.

"परत का दिला?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. परत का दिला म्हणजे काय?

दुसरा चेंडू पायऱ्यांवर आपटून खुर्च्यांखाली गेला. अल मनखूलची सगळी ओळ ओणवी झाली. पर्स हलवल्या गेल्या, चिवडा सांडला. "मिळाला, मिळाला!" काका ओरडले, आणि तो चेंडू हातोहात खाली खाली जात कुंपणापाशी पोचला, तिथे काकूंनी तो सुरक्षारक्षकाच्या ओंजळीत दिला, प्रसादासारखा. तिसरा कारखान्याच्या मंडळींत पडला. तोही परत. आता पलीकडच्या बाजूची गोरी माणसं हसायला लागली होती.

साहेब उठले आणि निघून गेले. नवरा धावत माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. "काय झालं? काय म्हणालीस तू त्यांना?"

"मी काही नाही म्हटलं. ते विचारत होते, चेंडू परत का दिला."

त्याला अर्थ कळला, माझ्या आधी. अमेरिकेत चेंडू मैदानात परत फेकतात तो अपमान करायला, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. प्रतिस्पर्ध्याने टोलवलेला चेंडू हातात आला तर, तुमचं काही नको आम्हाला, असं दाखवायला. आपल्या माणसांनी एकामागून एक तीन वेळा ते केलं होतं, सगळ्यांदेखत, आणि वर टाळ्या वाजवल्या होत्या. "खलास," तो पुटपुटला. "ज्यांना चेंडू नको त्यांच्यासाठी विभाग कशाला चालवायचा, असंच म्हणतील."

आम्ही त्यांना चहाच्या काउंटरमागच्या बोळात गाठलं. भिंत उन्हाने अजून गरम होती. नवरा बोलू लागला, पण कार्यालयातलं त्याचं इंग्रजी त्याला तिथे पुरेना. म्हणून मी मध्येच सुरुवात केली. सांगितलं, की आमच्याकडे चेंडू एक असतो. सगळ्यांचा मिळून एक. तो गच्चीवर गेला, विहिरीत गेला, कुणा खडूस माणसाच्या अंगणात गेला तर खेळ तिथेच संपतो. खेळ बघणाऱ्याचं काम काय, तर चेंडू जिथे जाईल तिथून आणून द्यायचा. तो ठेवून घेतो त्याला आम्ही चोर म्हणतो.

"पण इथे तर माझ्याकडे पेट्या भरून आहेत," साहेब म्हणाले.

"ते त्यांना कुणी सांगितलंय?"

साहेबांनी खाली वाकून तिथेच रचलेल्या एका पेटीतून नवा चेंडू काढला, आणि आमच्या पुढे चालू लागले. कीपरपाशी जाऊन त्यांनी तो त्याच्या हातात ठेवला, त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. कीपर गोंधळून उभा राहिला. नवऱ्याने समजावलं, "तुला दिलाय. घरी न्यायला. आता आला तरी ठेवायचा, द्यायचा नाही."

"मंग साहेब, ते खेळतील कशान?"

"अजून आहेत त्यांच्याकडे."

"ठेव रे," मागून कुणीतरी म्हणालं. "एअरपोर्टवर इचारतील, हा काय म्हनून? मंग सांग, बेसबॉलवाल्यानं पेरमान दिलान." सगळी ओळ हसली. कीपरने चेंडू हातात फिरवून बघितला, नाकाशी नेला, लाल शिवणीवरून अंगठा ओढला. मग तो मांडीवर रुमालाखाली ठेवला, आणि सामना संपेपर्यंत त्या हाताने टाळी वाजवली नाही.

त्यानंतरच्या सामन्यांना मी लिहिलेली सूचना मराठीत दिली जायची: चेंडू आपला आहे, कृपया तो आपल्याजवळ ठेवावा. काही जणांनी ठेवले. काकांनी मात्र तीनदा सूचना ऐकूनही परत दिला, आणि म्हणाले, "त्यांचं सौजन्य त्यांच्यापाशी. आपण आपली पद्धत सोडायची नाही."

मला वाटलं होतं, साहेबांना पटलं म्हणजे झालं. पण निर्णय त्यांचा नव्हता. स्पर्धेच्या मुख्य कार्यालयाने कळवलं, की बसमधून आणलेली माणसं प्रेक्षक नव्हेत, प्रवासी आहेत. शेवटच्या सामन्याला एकही बस पाठवायची नाही. स्वतःहून कोण येतं तेवढंच बघायचं, आणि त्यावर विभाग ठेवायचा की नाही ते ठरवायचं.

त्या रविवारची दुपार मी नवऱ्याबरोबर फाटकापाशी उभी राहून काढली. उन्हं तिरपी होत होती, रस्त्याच्या कडेने वाऱ्याने वाळूची पातळ चादर सरकत होती. गाडी वळताना दिसली की मी एक पाऊल पुढे जायची; गाडी पुढे निघून गेली की पुन्हा मागे. मी रुमालाच्या काठाचा दोरा ओढत होते, तो संपला तेव्हा दुसरा ओढायला घेतला. काही गाड्या आल्या. क्रिकेटचे शर्ट घातलेली कॉलेजची मुलं आली. काका-काकू आले, मुलाला बळेच ओढून. मग एक टॅक्सी थांबली आणि कारखान्यातले दोघे उतरले.

"साहेब, आज बस नाय धाडलात?"

"आज नाही."

"आमाला वाटला इसरलात."

"आणि तुमचा कीपर?"

"डुटी लागली त्याला. बोट आज पानयात जायची हाय, खोर फक्कानच्या पार्टीची." ते आत गेले, आणि नेमक्या त्याच ओळीत जाऊन बसले, जिथे बसने आणल्यावर बसायचे. आजूबाजूला त्यांना सगळं मैदान मोकळं होतं.

पाचव्या डावात साहेब आमच्याकडे आले. त्यांनी हातातली टोपी दोनदा उलटीसुलटी केली. मुख्य कार्यालयातले लोक रिकाम्या खुर्च्या पाहतील, म्हणाले. "मी माणसं पाहतोय. पण निर्णयाचा कागद त्यांच्याकडे आहे. मला वाईट वाटतं." नवऱ्याने मान हलवली, हस्तांदोलन केलं, त्यांचे आभारही मानले. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. डोक्यात एकदम सगळं सुरू झालं: मुलीची परीक्षा, तिला कुठल्या शब्दांत सांगायचं, सोफ्याचं काय करायचं, कुंड्या कुणाला द्यायच्या. बसल्या जागी माझे पाय चालायला लागले.

सबंध मोसमात त्याने हा खेळ पाहिला नव्हता. प्रेक्षक मोजायचे, त्यांना पाणी पोचलं की नाही बघायचं, कोण उठून निघालं ते टिपायचं. त्यामुळे तो कायम मैदानाकडे पाठ करून आणि आमच्याकडे तोंड करून उभा असे. साहेब गेल्यावर कमरेचा वॉकीटॉकी काढून त्याने बंद केला, वळला, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. दिवे नुकतेच लागले होते. गवत त्या उजेडात जवळजवळ काळं दिसत होतं, आणि त्यावर पांढरे कपडे घातलेली माणसं वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत होती.

"तो मधला, पुढच्या खुणेकडे पळत का नाहीये?" त्याने विचारलं.

"चेंडू फेकणारा त्याच्याकडेच बघतोय. नजर हटली की पळेल."

"आणि नाही हटली तर?"

"तर नाही पळणार. अरे, तुला काय म्हणाले ते? खरंच काहीच नाही होऊ शकत? त्यांना सांग ना, पुढच्या वर्षी..."

"थांब, थांब." तो पुढे झुकला होता, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, नजर त्या मधल्या माणसावर. कितीतरी महिन्यांनी त्याच्या कपाळावर एकही आठी नव्हती. "तू जरा स्वस्थ बस ना. मला बघू दे."